गाडीतल्या अकरा पाट्या

मला राग लवकर येतो. आई म्हणायची, ही पोरगी चुलीवरच्या दुधासारखी आहे, जरा नजर हलली की उतू. पुण्याला नोकरी लागली की निवळेल, असं घरच्यांना वाटत होतं. निवळले नाही. उलट मी कामच असं पत्करलं की रोज नव्याने राग यावा.

मी मोटारींमधला आवाज मोजते. गाडी धावताना इंजिनाचा, टायरचा, वाऱ्याचा आवाज आत बसलेल्या माणसाच्या कानापर्यंत कोणत्या वाटेने येतो ते शोधायचं आणि ती वाट बुजवायची, हा माझा धंदा. आवाजाला दोन वाटा असतात. एक हवेतली, म्हणजे फटी, भोकं, दारांची सैल रबरं. दुसरी लोखंडातली. इंजिन थरथरतं, ती थरथर सांगाड्यातून पत्र्यात उतरते आणि पत्रा बोलायला लागतो. पहिली वाट लोकांना कळते. दुसरी सांगितली तरी पटत नाही, काच वर केली की झालं असंच त्यांना वाटतं. माठ विकत घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसं आम्ही पत्र्यावर एका छोट्या हातोडीने टकटक करतो आणि मेणाने चिकटवलेल्या बटणाएवढ्या यंत्रांवरून बघतो की कोणता भाग किती वेळ वाजत राहतो. मग तिथे फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारखं जाड कापड, लावतो, डांबरासारखी पट्टी चिकटवतो, रबर घालतो. एका महागड्या गाडीची काच पूर्ण वर गेल्यावर शेवटी जो बारीक ‘टक्’ व्हायचा, त्याच्यावर आम्ही शिकलेसवरलेले लोक कित्येक दिवस भांडलो होतो. आमचे साहेब म्हणाले, “बाहेरचं जग आत येता कामा नये.” मी म्हटलं, बाहेरच्या जगात आमचं गाव आहे साहेब. ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

त्याच सुमारास अक्काचा फोन आला.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. ती नर्स आहे. मुखेड तालुक्यात आमच्या गावाजवळ एक संस्था आहे, तिने वर्गणी जमवून एक रुग्णवाहिका घेतली. अक्का त्या गाडीवर असते. आसपासच्या गावांतून, तांड्यांवरून अडलेली बाळंतीण, साप चावलेला माणूस, छातीत दुखणारा म्हातारा, जो असेल त्याला घेऊन नांदेड गाठायचं. ही गाडी येण्याआधी आमच्याकडे काळीपिवळी जीप होती. आतले पॅसेंजर उतरवायचे आणि पेशंटला आडवं टाकायचं. आमची आई अशाच एका जीपमध्ये गेली, नायगावच्या अलीकडे. अक्का तिचं मनगट धरून बसली होती आणि वडील पुन्हापुन्हा विचारत होते, “आहे का?” जीप इतकी हादरत होती की अक्काला बोटांखाली जीपच लागत होती, आई लागत नव्हती. ती कधी गेली हे आम्हाला आजही माहीत नाही. म्हणून संस्थेची वर्गणी सुरू झाली तेव्हा वडिलांनी पेन्शनमधून सगळ्यांच्या आधी पैसे दिले.

फोनवर अक्का म्हणाली, “मला काढून राहिलेत गं.”

“कोण?”

“संस्था. तांड्यावरची एक बाई होती, पहिलटकरीण. बाळ गेलं. लोक म्हणून राहिलेत की नर्सबाईनं गाडी रस्त्यात उभी केली, टाइम घालवला, म्हणून गेलं.”

“तू केली होतीस उभी?”

“हाव. दोनदा. चालत्या गाडीत पोटातले ठोके ऐकूच येत न्हाईत. ठोके कळल्याबिगर नायगावात वळायचं का सरळ नांदेड गाठायचं, ते मी कशावरून ठरवू?”

पोटातल्या बाळाचे ठोके बरे असले तर नांदेडपर्यंत दम धरता येतो. मंदावले असतील तर नायगावला जे डॉक्टर सापडतील त्यांच्या दारात गाडी घालायची. एवढा एकच निर्णय नर्सच्या हातात असतो आणि तो कानाने घ्यायचा असतो. त्या दिवशी तिने गाडी थांबवली, इंजिन बंद करायला लावलं, ऐकलं आणि नायगावला वळली. बाळ वाचलं नाही. ते कशाने गेलं हे कोणीच खात्रीने सांगू शकत नव्हतं. पण उभी राहिलेली गाडी सगळ्यांनी बघितली होती, त्यामुळे दोष तिच्यावर ठेवणं सोपं होतं.

अक्कावर ओरडणाऱ्या, त्या बाईच्या नवऱ्याचा मला राग आला नाही. ज्याचं मूल गेलं तो कोणावरही ओरडेल. मला राग आला तो पंख्याखाली बसून “चौकशी करू” म्हणणाऱ्यांचा. मी रजा टाकली, कंपनीची रीतसर परवानगी घेऊन यंत्रांची एक पेटी घेतली आणि नांदेडला उतरून एसटीने मुखेड गाठलं.

रुग्णवाहिकेचं मागचं दार उघडलं तेव्हा आधी मला हसू आलं. आत चारही बाजूंनी पाट्या होत्या, चकचकीत स्टीलच्या, कोरीव अक्षरांच्या. ‘सप्रेम भेट’, ‘यांच्या स्मरणार्थ’, ‘यांच्या सौजन्याने’. मोजल्या तर अकरा भरल्या. छताला दोन, बाजूच्या पत्र्यांना आठ आणि ड्रायव्हरच्या मागच्या आडव्या भिंतीवर, पेशंटच्या डोक्याशी, संस्थेच्या अध्यक्षांची सर्वांत मोठी. तीत त्यांचा हात जोडलेला फोटोसुद्धा कोरलेला होता. म्हणजे मरणाच्या दारात पडलेल्या माणसाने मान वर केली तर त्याला हसतमुख अध्यक्ष दिसावेत, अशी सोय.

आपल्याकडे दान आणि पाटी ही जुळी भावंडं आहेत. देवळाच्या पायरीवर नाव, स्मशानातल्या बाकावर नाव, पाणपोईवर नाव. आमच्या शाळेतल्या पंख्यांच्या पात्यांवरही देणाऱ्याचं नाव होतं, आणि दाते भेटीला आले की गुरुजी पंखे बंद करायला लावायचे, नाव वाचता यावं म्हणून. आम्ही घामाघूम होऊन टाळ्या वाजवायचो. तेव्हा गंमत वाटायची.

नर्सच्या खुर्चीच्या अगदी शेजारी, अक्काच्या डाव्या कानाशी, अकरातली एक पाटी आमच्या आईच्या नावाची होती.

मी पत्र्याला हात लावला तर पत्रा उघडा. रुग्णवाहिकेच्या आत अस्तर असतं, त्यामागे जाड फेल्ट असतं, आवाज पिणारं. इथे त्यातलं काहीच नव्हतं. ड्रायव्हरमामांना विचारलं तर ते म्हणाले, “आतलं काम लातूरला झालं.” दुसऱ्या दिवशी मी लातूर गाठलं. ज्या शहरात दोन वर्षं ट्यूशनच्या खोल्यांमध्ये डोकं खाली घालून मी आवाजाची गणितं शिकले, तिथेच कोणीतरी बारा मैलांवरून ऐकू येईल असं खोकं तयार करून पाठवलं होतं. वर्कशॉपवाला माणूस सरळ होता. चहा मागवून म्हणाला, “मॅडम, अस्तर व्हतं, फेल्ट व्हतं, सगळं व्हतं. पण मऊ अस्तरावर पाट्या बसंनात, वाकड्या दिसू लागल्या. संस्थेवाले म्हणले, काढून टाका सगळं, नाव सरळ दिसलं पायजे. आमी काढलं. पाट्या रिबिट मारून दिल्या.”

“आणि फेल्ट?”

“एक ट्रॅक्टरवाला घेऊन गेला, सीटखाली टाकायला.”

तो ट्रॅक्टरवाला बरा. त्याला तरी त्याचा उपयोग कळला.

मग आम्ही रिकामी गाडी घेऊन निघालो. पुढे ड्रायव्हरमामा, मागे अक्का आणि मी. मुखेडहून नरसी, नरसीहून नायगाव, रोजचाच रस्ता. मी पाट्यांवर मेणाने यंत्रं चिकटवली, माईक अक्काच्या कानाच्या उंचीला बांधला. गाडीने वेग धरला आणि एकेक पाटी बोलायला लागली. आधी छतावरच्या दोन, मग बाजूच्या, मग सगळ्या एकदम. सोसायटीच्या जेवणात ताटं वाढायला घेतात तसा गोंधळ. फरक एवढाच की हा गोंधळ नांदेड येईपर्यंत संपत नाही. अक्काने माझ्या दंडाला पट्टा बांधला, स्टेथोस्कोप लावला, पट्ट्यातली हवा सोडली आणि मान हलवली. पुन्हा केलं. पुन्हा मान हलवली. माझी नाडी, माझ्या सख्ख्या बहिणीच्या कानापासून वीतभर अंतरावर, आणि तिला ऐकू येत नव्हती.

“मामा, थांबवा,” ती म्हणाली. मामांनी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. बाहेर सोयाबीनच्या रानात कुणीतरी कुणाला हाक मारत होतं, तीही ऐकू आली.

“आता आलं,” अक्का म्हणाली. “बग, हे आसं करते मी. याला ते टाइम घालवणं म्हणून राहिलेत.”

मी हातोडी काढली आणि उभ्या गाडीत एकेका पाटीवर टकटक करत गेले. चारी कोपरे रिबिटात आणि मधला भाग मोकळा, त्यामुळे प्रत्येक पाटी वाजत राहायची. आईच्या पाटीपाशी माझा हात थांबला. आईच्या नावावर हातोडी मारायची म्हणजे काय, हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. मारली. तीही इतरांसारखीच वाजली.

संस्थेची बैठक ऑफिसात सकाळी भरली. विषय अक्का. मी तिच्या बाजूने बोलायला आले आहे म्हटल्यावर सगळे खूश झाले, कारण पुण्याहून इंजिनिअर आली की आपली संस्था मोठी वाटते. मी लॅपटॉपवर आवाज ऐकवला. स्टेथोस्कोपच्या नळीला माईक लावून घेतलेले माझ्या नाडीचे ठोके आधी उभ्या गाडीतले ऐकवले, मग धावत्या गाडीतले. खोलीत जी खडखड घुमली ती ऐकून दोघांनी कानांवर हात ठेवले. मी म्हटलं, “तुम्हाला क्षणभर सहन होत नाही. तिला यातून पोटातल्या लेकराचे ठोके शोधायचे असतात. या पाट्या उतरवा, भिंतीवर लावा, कुठेही लावा. अस्तर परत बसवा. मग गाडी थांबवावी लागणार नाही.”

अध्यक्ष गोड बोलणारे आहेत. गोड बोलणाऱ्या माणसाशी भांडणं हे भिंतीशी भांडण्यापेक्षा अवघड, कारण भिंत निदान मान डोलवत नाही.

“पोरी, तुझा आमाला अभिमान हाय,” ते म्हणाले. “पण मला एक सांग. लोकांनी घासातला घास काढून दिला. त्यायला आमी कुण्या तोंडानं सांगावं, की तुमचं नाव खडखड करून राहिलंय?”

“नाव नाही खडखडत साहेब. पत्रा खडखडतो.”

“त्याच्यावर नाव हाय ना?”

मी विचारलं, “तुमच्यापैकी कोणी त्या गाडीत एकदा तरी बसलंय का, चालू गाडीत?”

 एक सदस्य म्हणाले, “चांगल्या माणसानं त्या गाडीत बसू न्हाई ताई. चांगलं नस्तंय ते.” उद्घाटनाला सगळ्यांनी दाराशी उभं राहून नारळ फोडला होता, आत पाय कोणीच ठेवला नव्हता. गाडी घेतली, नावं लावली आणि अपशकुन होईल म्हणून आत बसले नाहीत. माझ्या तोंडात जे आलं ते मी गिळलं. अक्काने टेबलाखालून माझा गुडघा दाबला होता.

“आसं कर,” अध्यक्ष म्हणाले. “तुमच्या घरची पाटी हाय ना त्यात? आधी ती काढ. फरक पडला तर बाकीच्यायला मी सोता बोलतो.”

इथे मला माझं सगळं शिक्षण आठवलं आणि माझा राग थेट टाळूला भिडला. अकरा जण एका सुरात ओरडत असताना एक गप्प बसला तर आवाज कमी होत नाही. हे गणित आहे, कोणाचं मत नाही. मी तसं सांगितलं. आधीच सांगून ठेवलं, की एक काढून काही होणार नाही, सगळ्या काढाव्या लागतील. त्यावर ते म्हणाले, “म्हंजे तुझी काढायची तयारी न्हाई.” लोक हसले. मी म्हटलं, काढते.

घरी वडिलांना सांगितलं. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली, आवाज कधी चढवला नाही. त्या दिवशी चढवला.

“तुझ्या आईचं नाव तुला आवाज वाटून राहिलं का?”

“अण्णा, अक्काची नोकरी—”

“ती जीपमध्ये गेली. तिच्या नावानं निदान गाडी तरी असावी म्हणून दिलं मी. माझं दुसरं काय हाय तिच्या नावाचं? सातबाऱ्यावर न्हाई, घरावर न्हाई. एक पाटी हाय. ती बी तू काढ.”

मीही चढवला. म्हटलं, नाव लावून आई परत येत नाही, पण दुसऱ्याची आई जाऊ शकते. हे खरं होतं आणि बोलायला नको होतं. अण्णा उठून ओट्यावर जाऊन बसले. जेवले नाहीत. सकाळी मी निघाले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, “काढून घरी आण. कुठं फेकू नको.”

गॅरेजवाल्याने चार रिबिटं ड्रिलने उडवली. आईची पाटी मी ओढणीत गुंडाळून ठेवली. पुन्हा त्याच रस्त्याने गाडी नेली, मोजलं, आणि माझ्या यंत्राने तेच सांगितलं जे मी बैठकीत सांगितलं होतं. काटा हलल्यासारखा करून जागेवर आला. अध्यक्षांचा एक माणूस बघायला पुढच्या सीटवर बसला होता. त्याने तिथूनच फोन लावला, “साहेब, काई फरक न्हाई.”

दुपारपर्यंत गावात झालं की मास्तरांच्या पोरीने आईची पाटी काढली, तरी काही उपयोग नाही, म्हणजे पाट्यांचा काही दोष नव्हताच. सिद्ध झालं. मी किती वेळा सांगितलं होतं याला कोणी साक्षीदार उरला नव्हता. संस्थेने मोठ्या मनाने अक्काला कामावर ठेवलं. अट एकच, यापुढे गाडी रस्त्यात उभी करायची नाही. अक्का “हाव” म्हणाली.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर घसरले. “का हो म्हणालीस? ठोके न ऐकता काय करणार आहेस, नाणं उडवणार आहेस का?”

“न्हाई म्हणून कुठं जाऊ?” ती म्हणाली. “मला दुसरी नोकरी भेटंल. त्या गाडीत कोण बसंल?”

तिला राग येत नाही याचाही मला राग आला. घरातला सगळा राग माझ्याच वाट्याला का, असं तिला विचारलं. ती म्हणाली, “तू घेतेस म्हणून.”

आईची पाटी अण्णांनी ओढणीतून काढली, पुसली आणि कपाटाला टेकवून ठेवली. बराच वेळ तिच्यासमोर बसले. मग म्हणाले, “तुझं ते यंत्र काय सांगतं?” मी सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. “यंत्राचं ऱ्हाऊ दे. मला गाडीत बसव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते संस्थेच्या आवारात आले, चप्पल बाहेर काढली आणि गाडीत चढून स्ट्रेचरवर सरळ आडवे झाले. चहाच्या टपरीवरची माणसं धावत आली. “मास्तर, उतरा. आसं करू नका, वंगाळ दिसतंय.” अण्णा छताकडे बघत म्हणाले, “मामा, चला.”

गाडीने नरसी फाटा सोडला. पाट्या सुरू झाल्या. अक्काने त्यांच्या सदऱ्याची बटणं काढून छातीवर स्टेथोस्कोप ठेवला. मी समोरच्या बाकावर होते. मला वाटलं होतं, ते आवाजाबद्दल काही विचारतील. त्यांनी विचारलं, “आहे का?”

अक्काचा चेहरा मी विसरणार नाही. तोच प्रश्न होता, तोच रस्ता होता.

“अण्णा, ऐकू येत न्हाई,” ती म्हणाली.

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, “आता?”

“न्हाई.”

“थांबव मग,” अण्णा म्हणाले. मामांनी मधल्या खिडकीतून माझ्याकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं, संस्थेची अट त्यांनाही माहीत होती. त्यांनी थांबवली. इंजिन बंद झालं. अक्काने स्टेथोस्कोप आपल्या कानातून काढून अण्णांच्या कानात घातला. ते आपलं काळीज ऐकत पडून राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानशिलावर उतरलं, ते त्यांनी पुसलं नाही. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. मला रडूही येत होतं आणि अध्यक्षांचा गळाही धरावासा वाटत होता.

त्यानंतर अण्णांनी जे केलं ते मला सात जन्मांत सुचलं नसतं, कारण मला भांडताच येतं, मागता येत नाही. आईची पाटी काखेत मारून ते देणाऱ्यांच्या घरोघर गेले. कोणी मुखेडला, कोणी नायगावात, एक तर मुलाकडे लातूरला राहायला गेलेला. दारात बसायचे, पाणी प्यायचे, आणि पाटी मांडीवर ठेवून म्हणायचे, “ही माझ्या बायकोची. मी काढून आणली. का ते सांगतो.” आवाजाचं गणित त्यांनी कोणाला सांगितलं नाही. जीपमधली गोष्ट सांगितली. काहींनी लगेच हो म्हटलं. एकाने अपमान केला, तुमची काढली म्हणून आमची बी काढता का, असं म्हणून दार लावलं. अण्णा चार दिवसांनी पुन्हा गेले. एका म्हातारीने विचारलं, “मग नाव कुठं जाईल ओ?” अण्णा म्हणाले, “शाळेच्या भिंतीवर. तिथं पोरं वाचतील. गाडीत वाचायला कोण शुद्धीत आसतंय?”

दहा पाट्या उतरल्या आणि आज शाळेच्या भिंतीवर आहेत. लातूरच्या त्याच वर्कशॉपवाल्याने फेल्ट आणि अस्तर परत बसवलं.

अकरावी राहिली. ती सर्वांत मोठी. अध्यक्ष म्हणाले, “बाकीच्यायनी सोखुशीनं काढल्या, चांगली गोष्ट हाय. पण माझी पाटी मोठ्या पाव्हण्यांच्या हस्ते लागली. इलेक्शनच्या तोंडावर ती उतरली, तर लोक काय म्हणतील? एकदा उतरलेली पाटी पुन्हा चढत नस्ती.” मी म्हटलं, काढू नका, फक्त सैल करा, मागे रबर घालू आणि तासाभरात पुन्हा ठोकू. तासभरसुद्धा नाही म्हणाले. मामांनी फटीत पुठ्ठ्याची घडी खोचली, ती कोणीतरी गाडी धुताना काढून टाकली, फोटोवर बरी दिसत नाही म्हणून. मी कडेला पट्टी चिकटवली, तीही गेली.

पुढच्या सुट्टीत मी घरी होते तेव्हा शेजारच्या गावातून फोन आला. बाळंतीण, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झालेल्या, सोबत फक्त तिची म्हातारी सासू. सलाईनची बाटली धरायला माणूस हवा म्हणून अक्काने मला ओढून गाडीत घातलं. यंत्रांची पेटी पुण्यात होती. या वेळी मोजायला काही नव्हतं, फक्त कान होते.

गाडी खरंच बदलली होती. अस्तर आवाज पीत होतं. सासू पायाशी डोळे मिटून देवाचं नाव पुटपुटत होती ते ऐकू येत होतं. आणि म्हणूनच ती एक पाटी आता स्पष्ट ऐकू येत होती. पूर्वी अकरांच्या गलक्यात कोण ओरडतंय हे कळत नसे. आता एकटीच वाजत होती, बाईच्या डोक्याशी, हात जोडून. नरसी सोडून मामांनी वेग धरला तशी ती जास्तच चेकाळली.

 अक्काने खुर्ची पुढे ओढली, डावा हात लांब केला आणि तळवा अध्यक्षांच्या तोंडावर सपाट दाबून धरला. पाटी गप्प झाली. उजव्या हाताने तिने स्टेथोस्कोप बाईच्या पोटावर टेकवला, डोळे मिटले आणि ओठ हलवत मोजायला लागली. हे ती रोज करत असणार, कारण पाटीवर तळव्याच्या जागी स्टील काळवंडलं होतं.

“हायत,” ती म्हणाली. “चांगले हायत. मामा, सरळ घ्या.”

नायगाव आम्ही न थांबता ओलांडलं. पुढे कळ आली तेव्हा त्या पोरीने अक्काचा हात धरायला हात पुढे केला. अक्काचा एक हात तिच्या पोटावर होता आणि दुसरा त्या माणसाच्या नावावर. माझे दोन्ही हात बाटलीत अडकलेले. पोरीचा हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला, मग तिने स्ट्रेचरची दांडी धरली.